अंदमानला जातो म्हणतो

बोरगावाहून समुद्र कुठल्याही दिशेने सहाशे किलोमीटरच्या आत नाही. पश्चिमेला सरळ रेघ मारली तर सुरत लागते, आग्नेयेला मारली तर आंध्रचा किनारा, आणि दोन्ही रेघा जवळपास सारख्याच लांब. मधोमध आम्ही. नागपूर-छिंदवाडा रस्ता, रस्त्यालगत कारखाने, कारखान्यांच्या पलीकडे संत्र्याचे बगीचे. आमच्या सौंसर भागातून समुद्रापर्यंत कोणी नेमाने जात असेल तर ती कन्हान नदी. ती वैनगंगेला मिळते, वैनगंगा वर्धेशी गाठ पडून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. म्हणजे रामाकोन्याच्या पुलाखालून गेलेलं पाणी ज्या समुद्रात पोचतं, त्याच्याच पलीकडच्या कडेला अंदमान. नदी हे सगळं कोणाला न विचारता करते. तिला काकाजी नाहीत.

माणसाचं तसं नसतं. अंदमानची माहिती काढायला एक संध्याकाळ पुरते, ती मोबाईलवर फुकट मिळते. खरा वेळ जातो तो गावाची समजूत काढण्यात.

मी ही गोष्ट फक्त बायकोला सांगितली होती. बायकोने फक्त तिच्या आईला सांगितली. दुसऱ्या दिवशी सकाळी पानठेल्यावर मला विचारण्यात आलं, “कायले जाऊन राहिला रे बापा अंदमानले? काय केलं तुनं?”

आमच्याकडच्या जुन्या माणसांना अंदमान हे जायचं ठिकाण आहे असं कोणी कधी सांगितलेलंच नाही. ते धाडायचं ठिकाण. काकाजींच्या कपाटात ‘माझी जन्मठेप’ आहे आणि त्यांच्या तोंडी सावरकरांच्या सगळ्या तारखा आहेत. ४ जुलै १९११ ला त्या तुरुंगात पाऊल ठेवलं, शिक्षा पन्नास वर्षांची, कोलूला जुंपून खोबऱ्याचं तेल काढायला लावायचे, हे ते अजूनही सांगतात आणि सांगताना त्यांचा आवाज खाली येतो. त्यामुळे माझ्या बेताकडे ते गमतीने बघूच शकत नव्हते. बराच वेळ सुपारी कातरून ते म्हणाले, “त्यायले इंग्रजानं जबरदस्तीनं धाडलं. तू घरचे पैसे भरून चालला?”

मी म्हटलं, काकाजी, आता ते राष्ट्रीय स्मारक आहे. सात रांगांपैकी तीन उरल्यात. संध्याकाळी प्रकाश-ध्वनीचा कार्यक्रम असतो, तिकीट काढून लोक बघतात.

“जेलात घुसाचं तिकीट?” काकाजी उठलेच. त्या दिवशी ही बातमी त्यांनी गावात घरोघरी पोचवली. आत जायला पैसे लागतात असा तुरुंग त्यांच्या ऐकिवात पहिलाच होता. बाहेर यायला लागतात तो त्यांना ठाऊक होता.

बाबांची तऱ्हा वेगळी. त्यांना चित्र दाखवल्याशिवाय कुठलीही जागा पटत नाही. मोबाईलवरचं चित्र ते चित्र मानत नाहीत, कारण ते बोट लागलं की पळून जातं. म्हणून मी त्यांच्याच पाकिटातून जुनी, लालसर रंगाची विसाची नोट काढून उलटी धरली. मागे नारळाची झाडं, त्यांच्या पलीकडे समुद्र. म्हटलं, हे अंदमान. माउंट हॅरिएट नावाच्या डोंगरावरून असं दिसतं. बाबा नोट उजेडाला धरून बघत राहिले. एकवीस रुपयांच्या आहेरात त्यांनी जन्मभर किती अंदमान लोकांना वाटून टाकले असतील याचा बहुधा हिशोब चालला होता.

मग त्यांनी दुसरी नोट काढली, २०१९ नंतरची, हिरवट-पिवळी. तिच्या मागे वेरूळची लेणी.

“हे पाह्य. सरकारनंच अंदमान रद्द केलं अन् वेरूळ देल्लं. मंग आपण वेरूळलेच जाऊ. जवळ हाये, अन् बोटीत बसा नाही लागत.”

यावर काय बोलणार? रिझर्व्ह बँकेला पत्र लिहायचं?

प्रत्येक गावात अंदमानला आधीच जाऊन आलेला एक माणूस असतो. आमच्यात तो माझा साडभाऊ. केंद्र सरकारच्या नोकरीत आहे, आणि केंद्राच्या कर्मचाऱ्यांना रजा-प्रवास सवलतीत अंदमानला विमानाने जाता येतं. ही सवलत नसती तर आपल्या देशातल्या कितीतरी कारकुनांनी प्रवाळ पाहिलं नसतं. तर साडभाऊंना मार्गदर्शनासाठी जेवायला बोलावलं. त्यांनी तीन पोळ्या होईपर्यंत नाश्त्याबद्दल सांगितलं. इडली कुठे मऊ होती, चहा कुठे कपात आणि कुठे ग्लासात. भात येईपर्यंत शहाळ्याचे भाव. मी विचारलं, समुद्र कसा आहे? “हाव, हाये ना,” ते म्हणाले, “सगळीकून हाये.”

मग नागपूरला सीताबर्डीवर एका टूरवाल्याकडे गेलो. तरुण, उत्साही माणूस. नागपूरहून थेट विमान नाही, कोलकात्याहून, चेन्नईहून किंवा हैदराबादहून विमान बदलायचं, असं त्याने नकाशावर पेनाने दाखवलं. चेन्नईहून जहाजही जातं, पण त्याला तीन दिवस लागतात. हे ऐकून बाबा एकदम सावध झाले, कारण ते छिंदवाडा-नागपूर छोट्या लाईनच्या गाडीत वाढलेले, आणि जेवढा जास्त वेळ तेवढे पैसे वसूल असा त्यांचा रेल्वेबाबतचा हिशोब आहे. त्यांना जहाजाच्या विचारापासून परत आणायला अर्धा तास गेला.

नंतर नावांचा गोंधळ. साडभाऊंनी लिहून दिलेल्या कागदावर पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील अशी नावं होती. टूरवाल्याच्या कागदावर श्री विजयपुरम, स्वराज द्वीप, शहीद द्वीप. बाबांना वाटलं हा माणूस स्वस्तातली दुसरीच बेटं आपल्या गळ्यात मारतोय. मी समजावलं, की हॅवलॉक आणि नीलची नावं २०१८ मध्ये बदलली, पोर्ट ब्लेअरचं २०२४ मध्ये, आणि विसाच्या जुन्या नोटेवरचा तो डोंगरही आता माउंट मणिपूर आहे. जागा त्याच. हे खरं तर आम्हाला लवकर समजायला हवं होतं. २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला आणि पांढुर्णा-सौंसर या दोन तालुक्यांची माणसं झोपेतून उठली ती नव्या जिल्ह्यात. आधारकार्डावर आम्ही अजून छिंदवाड्याचे. त्याआधी १९५६ मध्ये आमची राजधानी नागपूरहून उठून भोपाळला गेली, तेव्हाही आम्ही घरीच होतो. इथला माणूस जागचा न हलता एवढा प्रवास करून बसलाय, की त्याला आणखी कुठे जावंसं का वाटत नाही ते समजून घ्यावं.

टूरवाल्याने फॉर्म भरताना विचारलं, “सर, महाराष्ट्र ना?” म्हटलं, मध्य प्रदेश. “पण मराठी तर...” म्हटलं, भाऊ, ते राहू द्या. नागपुरात आम्ही एमपीवाले, भोपाळात आम्ही मराठी, अंदमानात काय ठरेल ते तिथे गेल्यावर बघू.

आता तारीख. टूरवाला म्हणाला, नोव्हेंबर ते एप्रिल, केव्हाही या. ‘केव्हाही’ हे शेती नसलेल्या माणसाचं बोलणं. नोव्हेंबरात आंबिया बहाराचा तोडा. व्यापारी येतो, बगीच्यात फिरतो, फळ हातात घेऊन तोंड वाकडं करतो, भाव सांगतो, जातो, आणि आठ दिवसांनी आणखी कमी भाव घेऊन परत येतो. तो येईल या भीतीने घरातल्या कर्त्या माणसाने कुठे जायचं नाही, आणि तो येणार नाही या भीतीनेही नाही. त्याच वेळी कापूस फुटतो. वेचायला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर त्यांना आणायला गाडी लागते, गाडी मिळाली तर ती चालवायला मी लागतो. जानेवारीत ताण दिलेल्या झाडांना पाणी सोडायचं, आणि पाणी सोडायला वीज रात्रीची येते. फेब्रुवारी-मार्चमध्ये मृग बहाराचा तोडा, शिवाय हरभरा आणि गहू. एप्रिलपासून लग्नं. आमच्याकडे लग्नाला न जाण्याचं एकच कारण मान्य आहे, आणि तेही त्या माणसाने स्वतः येऊन सांगावं अशी अपेक्षा असते. जूनमध्ये पेरणी. पुढे डवरणी, निंदण, पोळा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याची गोटमार, म्हणजे घर पाहुण्यांनी भरलेलं. मग गणपती, मग नवरात्र, मग दिवाळी, की आला पुन्हा तोडा.

बाबांनी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून घेतलं आणि पेन्सिलीने एकेक आठवडा खोडत गेले. अख्ख्या वर्षात खोडायचा राहिला तो एकच, मे महिन्यातला शेवटचा. लग्नं आटपलेली, पेरणीला अवकाश.

आणि मे महिन्याच्या त्याच सुमाराला अंदमानात काय होतं हे बोरगावातल्या लहान पोरालाही माहीत आहे. पेपरात दरवर्षी पहिल्या पानावर येतं: मान्सून अंदमानात दाखल. साधारण २० मे उलटला की आमच्याकडे पंचेचाळीस अंशांत, ओल्या गमच्याखाली डोकं घालून बसलेली माणसं या एका ओळीची वाट बघत असतात. तिथून पुढे १ जूनला केरळ, आणि जूनच्या मध्यावर, तब्येत बरी असेल तर, आमच्याकडे. पोर्ट ब्लेअरचं नाव बदललं हे ज्यांच्या कानावर गेलेलं नाही तेही अंदमानातला पाऊस किती दिवस अडकून पडला ते तोंडपाठ सांगतील. माझा आठवडा तो आहे हे कळल्यावर लोकांचा विरोधच मावळला. उलट निरोप यायला लागले. “जाऊनच राहिला त त्याले सांगजो, तिथं जास्त थांबू नको म्हणा. मागच्या साली केरळात बसून राहिला.” एकाने तर त्याची सोयाबीनची सगळी हकिगत मला सांगितली, पुढे पोचवण्यासाठी.

टूरवाल्याला तो आठवडा सांगितला तेव्हा फोनवर बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग म्हणाला, सर, पाऊस असतो, समुद्र खवळला तर बोटी बंद ठेवतात, एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाता येत नाही. बाबा म्हणाले, मग एकाच बेटाचे पैसे घ्या.

सामानाबद्दल लिहायचं तर स्वतंत्र पुस्तक होईल. विमानात प्रत्येकी साधारण पंधरा किलो खाली आणि सात किलो हातात, एवढं सांगितल्यावर आईने डोळे मिटून आकडा मनात घोळवला आणि म्हणाली, “मंग कपडे कशात न्याचे?” पंधरा किलोत तिखट-मिठाच्या पुऱ्या, जवसाची चटणी, भुरका, शेवया, लोणचं आणि थोडे तांदूळ बसत होते. तांदूळ कशाला? “तिकडचा भात कसा राह्यते कोणाले माहीत?” मिरचीचं लोणचं हातातल्या बॅगेत चालत नाही हे तिने मान्य केलं. पण सुकं खोबरं विमानात कुठेच चालत नाही, त्यातल्या तेलामुळे ते पेट घेऊ शकतं म्हणून बंदी आहे, हे तिला पटेना. “माह्या चटणीतलं खोबरं आजवर कधी पेटलं नाही.” मी म्हटलं, आई, अख्खं बेट नारळाचं आहे. तर म्हणाली, “असन. पण किसून ठेवलंय का त्यायनं?”

संत्र्यांचा प्रश्न त्याहून नाजूक. आमच्या भागातला माणूस कुठेही जाताना सोबत संत्री नेतो, मग तो दवाखान्यात चाललेला असो की कोर्टात. अंदमानात आपलं ओळखीचं कोणी नाही, संत्री द्यायची कोणाला? “हॉटेलवाल्याले देजो. तो का माणूस नाही?” मे महिन्यात बगीच्यात संत्रीच नसतात या एका गोष्टीने मी त्यातून वाचलो.

कपड्यांचं वेगळंच. टूरवाल्याच्या यादीत ‘बीचवेअर’ होतं. बोरगावात रेमंडचा कारखाना आहे, इथे विणलेल्या कापडाचे सूट देशभरातले नवरदेव घालून मिरवतात. त्या गावच्या माणसाला गुडघ्याच्या वर संपणारी, पोपट छापलेली चड्डी घालून चारचौघांत फिरायला सांगायचं? बाबा म्हणाले, मी धोतरावर जाईन, भिजलं तर पिळता येतं. खरं सांगायचं तर समुद्रावर जायला आजवर कोणी काढलेल्या कपड्यांत धोतराइतका सोयीचा दुसरा नसेल.

बरोबर येणाऱ्यांत आतेभाऊ. हा दरवर्षी गोटमारीला जाम नदीच्या पात्रात उभा असतो. इकडे पांढुर्णा, तिकडे सावरगाव, मध्ये पळसाच्या झाडावर झेंडा, आणि दोन्हीकडून दगड. जखमी होतात लोक, प्रशासन दरवर्षी हात जोडतं, पण हा जातोच. पोहायला तो आमच्या विहिरीत शिकला, पाठीला डबा बांधून. असा हा वीर बोटीचं नाव काढलं की गप्प. लाइफ जॅकेट देतात, सरकारी बोट असते, शेकडो लोक रोज जातात, सगळं सांगून झालं. “पाण्याचा भरोसा नाही,” तो म्हणाला. “दगड कुठून येऊन राहिला ते दिसते तरी.”

सगळ्यात मोठा धक्का मात्र सूर्याचा. अंदमान आमच्यापेक्षा बरंच पूर्वेला, रेखांशात चौदा अंशांचा फरक, घड्याळ मात्र तेच. म्हणजे तिथे सूर्य आमच्यापेक्षा जवळजवळ तासभर आधी. हिवाळ्यात पाच वाजले की अंधार पडायला लागतो. हे ऐकल्यावर बायकोने जमिनीवर पसरलेल्या कपड्यांतून मान वर केली. “म्हंजे पाचलेच स्वयंपाकाला लागा लागते?” म्हटलं, अगं, तिथे स्वयंपाक नाही करायचा. “मंग ते तांदूळ?” आई आतून म्हणाली.

गावाच्या मागण्या मी एका वहीत लिहून घेतल्या. देवळासाठी शंख. बैठकीत ठेवायला प्रवाळ. पोरांना शिंपल्या. आदिवासींचे फोटो. यातलं बहुतेक आणता येत नाही. प्रवाळ उचलायला कायद्याने बंदी, किनाऱ्यावरच्या शिंपल्या विमानतळावर काढून घेतात, शंख घ्यायचा तर परवानाधारक दुकानातून पावतीसकट. आणि जारवांचे फोटो काढणं गुन्हा आहे, त्यांच्या जंगलातून जाताना गाडी थांबवायचीही मनाई. असायलाच हवी. ती माणसं बघायची वस्तू नाहीत, हे मी जरा आवाज चढवून सांगितलं. काकाजींना ते लगेच पटलं. “बरोबर हाये. आपल्या गोटमारीत बाहेरचे लोकं कॅमेरे घेऊन येते, तवा कसं वाटते?”

शेवटची अट आईची. आधी जामसावळी. समुद्र ओलांडणाऱ्यांत आपल्या ओळखीचा एकच, तो मारोती, त्याला विचारल्याशिवाय जायचं नाही. यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं. जामसावळी आमच्या तालुक्यातलंच, सकाळी जाऊन दुपारी परत. पण आई निघाली म्हणून आत्या निघाली, आत्या निघाली म्हणून तिच्या सुना, सुना म्हणून त्यांची पोरं. मग एवढे जण जातोच तर रोडगे करू. रोडगे म्हणजे गोवऱ्या आल्या, वांगी आली, वरणाचं मोठं गंज आलं, आणि ते वाहायला दुसरी गाडी. अंदमानसाठी मी कित्येक महिने तारीख शोधत होतो. ही तारीख रविवारी सकाळी चहा पिताना ठरली, आणि त्या दिवशी ना व्यापारी आठवला, ना कापूस.

जामसावळीचा मारोती उभा नाही. तो आडवा आहे, निजलेला. दर्शन झालं, आईने टूरवाल्याचा कागद त्याच्या पायाशी टेकवून आणला. बाहेर झाडाखाली रोडगे भाजायला घातले होते. टूरवाल्याचा फोन आला, सर, डेट फायनल करू का? मी सगळ्यांकडे पाहिलं. बाबा गोवऱ्या सारखत होते, आतेभाऊ वांगी चिरत होता, बायको माझ्याकडे बघत होती. काकाजी नुकतेच दर्शन घेऊन, चपला शोधून आले होते.

“काकाजी, काय करू? जाऊ?”

काकाजींनी देवळाकडे मान वळवली. “तो एकडाव समुद्र ओलांडून आला,” ते म्हणाले, “पाह्य, तवापासून निजला हाये.”